घर्षणगाठ आणि आग्या मोहोळ : वृक्षावरून उतरण्याच्या दोरसाधनांतील दोषांची चिकित्सा

भंडारा जिल्हा म्हटला की वैनगंगेच्या काठची भातशेती व गावोगावचे तलाव प्रथम डोळ्यांपुढे येतात. तथापि साकोली, लाखनी व तुमसर या तालुक्यांतील तसेच कोका अभयारण्याच्या परिसरातील वनभाग या जिल्ह्याच्या अर्थजीवनात काही कमी महत्त्वाचा नाही. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर नवेगावकडील विस्तीर्ण वनप्रदेश जुन्या जिल्ह्यातून निघून गेला. परंतु ऐन, साग, बिजा, धावडा, मोह व तेंदू यांची वने उरलेल्या सात तालुक्यांतही आहेत आणि वनोपजावर अंशतः जगणारी कुटुंबेही आहेत. या वनोपजांची तुलना केली असता एक गोष्ट ध्यानात येते. मोहफूल जमिनीवरून वेचले जाते. तेंदूचे पान झुडपावरून हाताने खुडता येते. कोसा ज्या ऐनावर वाढवितात, तो ऐन छाटून मुद्दाम बुटका ठेवलेला असतो. मात्र आग्या मोहोळाच्या मधासाठी माणसाला उंच फांदीपर्यंत जावेच लागते. ही माशी पेटीत नांदत नाही. ती उंच वृक्षाच्या आडव्या फांदीखाली एकच मोठे, उघडे पोळे बांधते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत मध व मेण यांचा स्पष्ट समावेश केला. हक्काचा प्रश्न अशा रीतीने मार्गी लागला, तरी फांदीवरून सुखरूप खाली येण्याचा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे. त्याचे उत्तर पदार्थविज्ञानात शोधावे लागते आणि तेच या लेखाचे प्रयोजन होय.

झाडावर चढणे हे कष्टाचे काम आहे. उतरणे हे धोक्याचे काम आहे. चढताना माणूस स्वतःच्या शक्तीने वर जातो आणि थकला तर थांबतो. उतरताना मात्र त्याचे वजनच त्याला खाली ओढीत असते व थांबण्यासाठी त्याला कशाचा तरी विरोध लागतो. हा विरोध घर्षणाचा असतो. ताड व शिंदी यांवर चढणारे लोक कंबर व खोड यांना मिळून दोराचा फेरा घालतात आणि पायांत फास अडकवितात. मागे रेलले की दोर खोडावर आवळतो; पुढे झुकले की सैल पडतो व सरकविता येतो. भार दिला की धरणारा आणि भार काढला की सोडणारा हा दोर म्हणजे एक साधे घर्षणयंत्रच आहे. परंतु ही युक्ती सरळ, शाखाहीन खोडालाच चालते. ऐन किंवा काटेसावर यांसारख्या फांद्यांच्या वृक्षावर फांदीवरून सोडलेला दोर, बसता पट्टा म्हणजे हार्नेस, कड्या व घर्षणगाठ अशी वेगळी सामग्री लागते. गिर्यारोहणात व वृक्षछाटणीच्या व्यवसायात विकसित झालेली ही सामग्री अलीकडे मधसंकलनातही वापरली जाते. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापून पिलाव्याचा भाग शाबूत ठेवण्याच्या पद्धतीचे शिक्षण देते. या पद्धतीत माणसाला पोळ्याजवळ स्थिर राहून काम करावे लागते. पोळे तोडून खाली टाकण्यापेक्षा त्याला अधिक वेळ लागतो, आणि म्हणून दोराच्या साधनांवरील विश्वास अधिक महत्त्वाचा ठरतो.

मराठीत गाठींचे दोन प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. एका टोकाला ओढताच सुटते ती सुरगाठ आणि ओढावी तितकी घट्ट होते ती निरगाठ. घर्षणगाठ ही या दोहोंच्या मधली तिसरी जात होय. बारीक दोरीचे वेढे जाड दोराभोवती घालून तिला माणसाचा भार दिला असता वेढे आवळतात व गाठ जागच्या जागी राहते. भार काढून हाताने सरकविली असता ती दोरावरून वर किंवा खाली जाते. ऑस्ट्रियन गिर्यारोहक डॉ. कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली प्रसिद्धीस आणलेली गाठ त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तीत दोरीचे बंद वेटोळे मुख्य दोराभोवती दोन-तीन वेळा स्वतःमधूनच ओवले जाते. वृक्षारोहकांत प्रचलित असलेली ब्लेक गाठ ही त्यानंतरची असून तीत दोरीचे मोकळे टोक वरच्या वेढ्यांवरून खाली आणून खालच्या वेढ्यांतून काढलेले असते. रूपे निरनिराळी असली तरी तत्त्व एकच आहे.

हे तत्त्व अठराव्या शतकात गणिती ऑयलर यांनी मांडलेल्या एका संबंधावरून समजते. खांबाला दोराचे वेढे दिले असता एका टोकाच्या अल्प ओढीने दुसऱ्या टोकावरील मोठा भार तोलता येतो. आणि हे प्रमाण वेढ्यांच्या संख्येबरोबर बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.२५ धरला तर एका वेढ्याने सुमारे ५ पट, दोन वेढ्यांनी २३ पट व तीन वेढ्यांनी १११ पट भार तोलला जातो. आता दोर गुळगुळीत होऊन घर्षणांक ०.१५ वर आला असे समजू. त्याच तीन वेढ्यांनी आता केवळ १७ पट भार तोलला जाईल. चौथा वेढा घातला तर हे प्रमाण ४३ पर्यंत येईल. घर्षणगाठीत दोरी खांबाभोवती नसून दोराभोवती असते आणि दोर दबणारा असतो, त्यामुळे हे आकडे तिला तंतोतंत लागू पडत नाहीत. तरी त्यांतून मिळणारा बोध निश्चित आहे. घर्षणांकात थोडासा फरक पडला तरी गाठीच्या पकडीत अनेक पटींनी फरक पडतो. काल उत्तम धरणारी गाठ आज का सरकते, याचे उत्तर बहुधा याच ठिकाणी असते. गाठ कालचीच असते. पृष्ठभाग कालचा नसतो.

दुसरा मुद्दा याहूनही महत्त्वाचा आहे. वेढे आवळण्यासाठी माणसाचा भार गाठीच्या पायातून ओढला गेला पाहिजे व वरचे वेढे आपल्या जागी राहिले पाहिजेत. वरच्या वेढ्यावर हाताचा दाब पडला की वेढे उकलतात आणि गाठ सरकते. खाली येण्यासाठी याच गुणाचा उपयोग केला जातो. परंतु त्याचाच व्यत्यास असा की, अचानक घसरू लागलेल्या माणसाने घाबरून गाठ मुठीत घट्ट धरली तर ती आवळण्याऐवजी त्याच्याबरोबर खाली येत राहते. घर्षणगाठ सोडली असता धरते आणि धरली असता सोडते. मनुष्याची उपजत प्रवृत्ती नेमकी याच्या उलट असते. म्हणून हा नियम केवळ समजून भागत नाही. जमिनीपासून हातभर उंचीवर पुनःपुन्हा सराव करून तो हाताच्या अंगवळणी पाडावा लागतो.

एवढी पूर्वपीठिका लक्षात घेतल्यावर दोषांची चिकित्सा करणे सोपे होते. दोषांचे तीन वर्ग पडतात : गाठ सरकणे, गाठ अडकणे व गाठ तापणे.

गाठ सरकत असेल तर प्रथम वेढ्यांची मांडणी पाहावी. वेढे एकमेकांशेजारी ओळीने बसलेले नसून एकावर एक चढले असतील, तर भार सर्व वेढ्यांवर सारखा पडत नाही. त्यानंतर दोरीची जाडी पाहावी. बारीक दोरी मुख्य दोराच्या जाडीच्या सुमारे ६० ते ८० टक्के असली म्हणजे पकड व सरक यांचा मेळ बसतो. ती मुख्य दोराएवढी जाड असेल तर पुरेशी आवळत नाही. जाडी योग्य असून गाठ सरकत असेल तर दोरीचा पृष्ठभाग तपासावा. पूर्वी तापून वितळलेली व पुन्हा थिजलेली दोरी काचेसारखी चकचकीत व ताठ होते. अशी दोरी निकामी समजून टाकून द्यावी. हे सर्व ठीक असेल तर दोष मुख्य दोराच्या पृष्ठभागावर आहे असे समजून एक वेढा वाढवावा व पुन्हा परीक्षा घ्यावी.

मधसंकलनात या पृष्ठभागाला एक खास शत्रू आहे. तो म्हणजे मेण. मध व मेण कापताना दोरावर सांडतात. मध चिकट असल्यामुळे लगेच जाणवतो, पाण्याने धुऊनही जातो. मेणाचे तसे नाही. थंड असताना ते घट्ट असते व गाठीला अडथळा करीत नाही. परंतु सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला ते वितळते आणि वंगणाचे काम करू लागते. उतरताना गाठीचे तापमान ही मर्यादा सहज ओलांडते. परिणामी मेणाळलेल्या दोरावर जमिनीलगत घेतलेली परीक्षा यशस्वी होते आणि तीच गाठ अर्ध्या उतरणीत दगा देऊ शकते. मेण लागलेला दोराचा भाग खरवडून, कोमट साबणपाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. तरीही बोटांना मेण लागत असेल तर तो दोर माणसाच्या भारासाठी वापरू नये.

गाठ अडकत असेल तर कारणे उलट दिशेने शोधावीत. वेढे जास्त असतील, दोरी फार बारीक असेल, दोर पावसाने फुगला असेल किंवा धावडा व सालई यांसारख्या वृक्षांचा डिंक दोराला लागला असेल. माणूस थोडा जरी खाली पडून गाठीवर आदळला असेल, तरी गाठ निरगाठीसारखी आवळून बसते. अशा वेळी वेढ्यांशी झगडण्यात अर्थ नसतो. कारण भार असेपर्यंत आवळण हटत नाही. म्हणून दुसऱ्या घर्षणगाठीला जोडलेला पायफास नेहमी जवळ ठेवावा. त्यात उभे राहून पहिल्या गाठीवरचा भार काढावा, वेढ्यांवरून आडवी जाणारी दोरी अंगठ्याने ढिली करावी आणि मग वेढे मोकळे करावेत. अडकलेली गाठ कापून सोडविण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे. ताणलेल्या नायलॉन दोराला धारदार पात्याचा ओझरता स्पर्शही घातक ठरतो. मध कापणाऱ्याच्या हाती पाते असतेच. ते वापरात नसताना म्यानात असावे आणि प्रत्यक्ष कापताना माणूस मुख्य दोराखेरीज दुसऱ्या बंधाने फांदीला बांधलेला असावा.

तिसरा दोष तापण्याचा. ७० किलोग्रॅम वजनाचा माणूस १५ मीटर खाली उतरला तर सुमारे १०,३०० ज्यूल ऊर्जा मोकळी होते आणि ती जवळजवळ सर्व घर्षणस्थानी उष्णतेत रूपांतरित होते. गाठीच्या वेढ्यांत गुंतलेली दोरी ३० ग्रॅम भरते व निम्मी उष्णता तीत राहते असे मानले, तर तिचे सरासरी तापमान सुमारे १०० अंशांनी वाढेल. प्रत्यक्ष घासणाऱ्या पृष्ठभागाचे त्याहूनही अधिक. भंडाऱ्याचा मे महिन्यातील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हे यात मिळवावे. वेगाचा परिणामही पाहण्यासारखा आहे. सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने उतरल्यास गाठीत सुमारे ३५० वॉट शक्ती खर्ची पडते. सेकंदाला दोन मीटर या वेगाने ती जवळजवळ १,४०० वॉट होते. घरातील कपड्यांची इस्त्री साधारणतः १,००० वॉटची असते. तेव्हा वेगाने उतरणारा माणूस मुठीएवढ्या गाठीत इस्त्रीपेक्षा अधिक उष्णता कोंडीत असतो.

या संदर्भात दोराचा पदार्थ कोणता, हा प्रश्न निर्णायक ठरतो. नायलॉन त्याच्या प्रकारानुसार सुमारे २२० ते २६० अंशांना व पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंशांना वितळते. पॉलिप्रोपिलीन मात्र सुमारे १६० ते १६५ अंशांना आणि पॉलिएथिलीन त्याहूनही कमी तापमानाला वितळते. बाजारात रंगीबेरंगी व स्वस्त मिळणाऱ्या दोऱ्यांना सरसकट नायलॉन म्हटले जात असले, तरी त्यांतील पुष्कळशा या दुसऱ्या वर्गातील असतात. त्यांची पारख सोपी आहे. लहान तुकडा पाण्यात बुडवून, पिळून, हवेचे बुडबुडे काढून सोडावा. पॉलिप्रोपिलीन व पॉलिएथिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगतात. नायलॉन व पॉलिएस्टर बुडतात. तरंगणारी दोरी बैलगाडीवरचा भारा बांधण्यास योग्य, घर्षणगाठीस सर्वथा अयोग्य. अर्थात बुडणारी प्रत्येक दोरी योग्य असे मात्र नव्हे. माणसाच्या भारासाठी बनविलेला व तशी नोंद असलेला दोरच घेतला पाहिजे. दोर मोटारीच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीजवळ ठेवू नये. आम्लाने नायलॉन आतून कुजते व बाहेरून तसे दिसत नाही. त्याचप्रमाणे धुराच्या मशालीतून पडणारी ठिणगी खाली लोंबणाऱ्या दोरावर पडू नये, यासाठी धूर देण्याची जागा दोराच्या उभ्या रेषेपासून दूर असावी.

तापण्याच्या दोषावर उपाय म्हणून इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकाराचे ॲल्युमिनियमचे कडे वापरतात. त्यातून दोर वळवून घेतला की मुख्य घर्षण धातूवर होते व धातू उष्णता लवकर बाहेर टाकतो. याच्या खाली दोन-तीन वेढ्यांची घर्षणगाठ राखणीसाठी ठेवतात. हात सुटला तर कड्याने कमी केलेलाच भार तिच्यावर येतो, म्हणून ती सहज धरते. या व्यवस्थेतही दोष संभवतात. दोर कड्याच्या मोठ्या वर्तुळावरून वर सरकून फास बनला की उतरणे थांबते. राखणगाठीची दोरी लांब असेल तर गाठ कड्याला टेकते. कडे तिला हातासारखे ढकलीत राहते व ती धरीत नाही. वर सांगितलेला नियमच येथे पुन्हा प्रत्ययास येतो. लोंबणारे उपरण्याचे टोक किंवा मोकळे केसही कड्यात ओढले जातात. तापलेल्या कड्यावर एकाच जागी फार वेळ थांबू नये. आणि दोराच्या खालच्या टोकाला जाड गाठ मारल्याशिवाय उतरण्यास आरंभ करू नये, कारण दोर संपल्याचे उतरणाऱ्याला पुष्कळदा कळतच नाही.

दोराची मांडणी बदलली की गाठीवरचा भारही बदलतो, हे अनेकदा विसरले जाते. फांदीवरून टाकलेल्या दोराच्या एका टोकाला माणूस बांधलेला व त्याची गाठ दुसऱ्या बाजूवर, अशा दुहेरी मांडणीत स्थिर असताना गाठीवर साधारणतः निम्माच भार येतो. एकेरी दोरावर सबंध भार गाठीवर येतो. दुहेरी मांडणीत नीट चालणारी गाठ एकेरी दोरावर अडकते किंवा लवकर भाजते, तेव्हा बांधणाराचा हात चुकलेला नसतो; भार दुप्पट झालेला असतो. फांदीची सालही विचारात घ्यावी. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, तर काटेसावरीच्या खोडावर शंकूसारखे काटे असतात. फांदीवर चामड्याचे किंवा जाड कापडाचे आवरण घालून त्यावरून दोर नेल्यास दोर वाचतो व सालही वाचते.

मधसंकलनाला वृक्षारोहणाच्या इतर प्रकारांपासून वेगळे करणारी गोष्ट म्हणजे माशांचा हल्ला. आग्या माशी डंखाबरोबर पिकल्या केळ्यासारख्या वासाचे द्रव्य सोडते व त्याने इतर माश्या चवताळतात. अशा वेळी माणसाला वेगाने उतरावेसे वाटते. वेगाने गाठ तापते, मेण वितळते, घाबरलेली मूठ गाठीवर आवळते. स्वतंत्रपणे किरकोळ वाटणारे तीनही दोष एकाच क्षणी एकत्र येतात. म्हणून उतरण्याच्या साधनाची खरी कसोटी शांत उतरणीत नसून या प्रसंगात आहे. यावर उपाय दोन. पहिला, खाली उभ्या असलेल्या साथीदाराने कड्यातून आलेल्या दोराचे टोक हाती धरणे. वरचा माणूस भांबावला तरी खालून दोर ओढताच कडे आवळते व उतरण थांबते. दुसरा, दोर फांदीला न बांधता फांदीवरून खाली आणून खोडाच्या पायथ्याशी दुसऱ्या कड्यातून बांधणे. वरचा माणूस निश्चेष्ट झाला तर साथीदार पायथ्याचा दोर सोडीत सोडीत त्याला खाली घेऊ शकतो. पट्ट्यात निश्चल लोंबत राहणे स्वतःच प्राणघातक असल्याने येथे मिनिटांना किंमत आहे. या मांडणीत १५ मीटर उंचीसाठी जाण्यायेण्याचा ३० मीटर व खाली सोडण्यासाठी आणखी १५ मीटर, म्हणजे किमान ४५ मीटर आणि बांधणीपुरता अधिक दोर लागतो. फांदीवर माणसाच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे ७० किलोग्रॅमच्या माणसासाठी सुमारे १४० किलोग्रॅम भार येतो. म्हणून वाळकी, पोखरलेली किंवा सालईसारखी ठिसूळ फांदी यासाठी निवडू नये. चढण्यापूर्वी दोन माणसांनी दोराला लोंबकळून फांदीची परीक्षा घ्यावी.

पुष्कळ ठिकाणी आग्या मोहोळ रात्री काढतात. ही माशी चांदण्यातही उडू शकते, म्हणून काळोखाची रात्र पसंत केली जाते. काळोखात गाठ दिसत नाही. ती बोटांनीच ओळखावी लागते. याकरिता तपासणीचा क्रम ठरलेला असावा व तो प्रत्येक वेळी तोच असावा : प्रथम फांदी, मग दोर, मग पट्ट्याची बक्कले व कड्यांची कुलपे, मग गाठीचे वेढे एकेक मोजून, शेवटी दोराच्या टोकाची गाठ. त्यानंतर जमिनीपासून हातभर उंचीवर पूर्ण भार देऊन, हात सोडून गाठ धरते की नाही ते पाहावे. एकाने बांधावे व दुसऱ्याने चाचपावे, ही रीत उत्तम. कारण बांधणाऱ्याची बोटे स्वतःची चूक सहसा ओळखीत नाहीत.

सारांश, घर्षणगाठीचे दोष हे गाठीचेच दोष असतात असे नाही. दोरी, दोर व भार या तिहींतील प्रमाण बिघडले की गाठ बिघडलीशी वाटते. म्हणून शोध नेहमी या तिहींपैकी काय बदलले, या प्रश्नापासून सुरू करावा. या तिहींत चौथा घटक म्हणजे माणसाचा हात होय. दोर विकत मिळतो, कडेही विकत मिळते; संकटात गाठीवरून हात काढून घेण्याची सवय मात्र सरावानेच मिळवावी लागते. जंगलात जाण्यापूर्वी गावाजवळच्या एखाद्या झाडाखाली, हातभर उंचीवर, दिवसाउजेडी व नंतर डोळे मिटून केलेला असा सराव हा या सर्व सामग्रीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक भाग आहे.